नाव बदलून छापू म्हणतात, मॅडम

मॅडम, तुमची शोकसभा मी मोबाईलवर बघितली. इथे बंगळुरूला, मेसच्या स्वयंपाकघरात. कणीक मळून झाकून ठेवली होती, डाळ शिजत होती आणि फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला होता. तुमचा मोठा केलेला फोटो, हार, समई आणि माईकवर एकामागून एक माणसं. जो उठला त्याने सांगितलं की मॅडम फार हसतमुख होत्या. डबा वाटून खायच्या. साडी कायम साधी. एक सर तर म्हणाले, मॅडमनी कधी कुणावर आवाज चढवला नाही.

मी डाळीखालचा गॅस बंद केला. आवाज चढवला नाही? फोनवर तुम्ही माझ्याशी अशा भांडायच्या की मेसमधली पोरं विचारायची, ताई, पलीकडून कोण ओरडतंय. आणि ज्या गोष्टीसाठी तुम्ही त्या कॉलेजात सगळ्यात जास्त ओरडलात, तिचं नावही कुणी काढलं नाही. तुमचा लेखनाचा वर्ग. तो ज्यांनी बंद केला ते पहिल्या रांगेत रुमाल घेऊन बसले होते. शेवटी अध्यक्ष उठले आणि म्हणाले की मॅडमच्या आठवणीत विद्यार्थ्यांच्या निवडक लेखांचं पुस्तक काढू. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढं तर मी आठवी शिकलेली बाई पण जाणते.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "सुनंदा, आधी शांत हो, मग लिही." नाही होत शांत. तशीच लिहिते.

तुमच्या वर्गाबद्दल आधी सांगायला हवं, कारण तिथे कुणी सांगितलं नाही. पहिल्या वर्षाची पोरं, मग ती कॉमर्सची असोत नाहीतर सायन्सची, तुमच्याकडे लिहायला शिकायची. दर वर्षाला तुम्ही एक विषय धरायच्या आणि वर्षभर तोच. एका वर्षी धुळ्यातल्या रस्त्यांना आणि चौकांना कुणाची नावं आहेत, कुणाची नाहीत. एका वर्षी पाणी, कोण भरतं, कोण विकतं, कुणाच्या नळाला येत नाही. पोरांनी घरी जायचं, गल्लीत, शेतात जायचं, माणसांशी बोलायचं आणि लिहायचं. त्यात तुमचा एकच नियम कडक. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते त्याच्या घरी जाऊन वाचून दाखवायचं, तुम्ही वाचायच्या आधी. तो नको म्हणाला तर तो कागद तुमच्यापर्यंत यायचाच नाही. पोराला मार्क मात्र मिळायचे.

या नियमामुळेच तुमची माझी गाठ पडली.

त्या वर्षी तुम्ही विषय दिला होता आखाजी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सकाळी उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाची बोटं उमटवतात. एक बोट, एक नाव. गेलेल्या माणसांना नाव घेऊन जेवायला बोलवायचं. तुम्ही पोरांना सांगितलं, आपापल्या घरी बघा, कुणाची नावं घेतात, कुणाची घेत नाहीत, आणि विचारा. आमच्या मालकाचा नातू तुमच्या वर्गात होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याला नोकरी करायची आहे. त्याने बघितलं की आजीने सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर कडेला एक बोट लावलं आणि काहीच बोलली नाही. त्याने विचारलं, हे कुणाचं? आजी म्हणाली, आपल्या सालदाराचं.

तो सालदार म्हणजे माझा बा. सालदार म्हणजे आखाजी ते आखाजी एका मालकाशी बांधलेला माणूस. आखाजीलाच जुनं साल संपतं, नवं ठरतं. बा मालकाच्या विहिरीत गेला तेव्हा मी आठवीत होते. नववीचा वर्ग मी बाहेरूनच पाहिला.

पोरगा लेख घेऊन आमच्या गावातल्या घरी आला. धरणगावपासून आत आमचं गाव. मी तेव्हा जळगावला पिंप्राळ्यात एका बाईंकडे डबे करायचे, सणाला घरी आले होते. मालकाचा नातू ओट्यावर बसलेला बघून मी दारातच थांबले. माय मात्र शेंगा फोडत बसली होती, ती तशीच बसून राहिली.

"अक्का, मॅडम म्हणल्या, तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय द्यायचं नाही."

"वाच मंग. बठ्ठं वाच. मधमा काही सोडू नको."

त्याने सुरुवात केली. पहिल्याच ओळीत होतं, बिचारा गरीब सालदार. मायने हात वर केला.

"थांब. बिचारा कोन?"

"अक्का, म्हणजे, तसं लिहितात..."

"तो बिचारा नही व्हता. तुना आजाले इचार, आखाजीले कसा भांडे."

मग आजीच्या त्या बोटाचा भाग आला. आजी बोट लावते पण नाव घेत नाही, हे त्याने फार हळवं होऊन लिहिलं होतं. माय म्हणाली, "बोट लावस, नाव नही लेस. व्हय का?" आणि शेंगांचं सूप बाजूला सरकवून तिने त्याला ते सांगितलं जे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. बाला खोल जागेत दम कोंडायचा. लहानपणापासून. म्हणून दर आखाजीला मालकाच्या ओट्यावर बसून साल ठरवताना तो एक अट घालायचा. "बठ्ठं करसु, पन विहीरमा उतराव नही." आणि मालकाने चारचौघांत ते आपल्या तोंडाने परत म्हणेपर्यंत चहाला हात लावायचा नाही. लोक हसायचे. मालक पण हसायचा आणि म्हणायचा, बरं बाबा, नको उतरू. अशी किती सालं गेली. मग एका उन्हाळ्यात खाली मोटर अडकली, मेकॅनिक येईना, केळी वाळायला लागली, आणि मालक म्हणाला, पाच मिनिटांचं काम, उतर. बा दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा उतरला. खालची हवा खराब होती.

पोरगा गेला. मला वाटलं संपलं, आता मायला बांधावरून जाऊ देणार नाहीत. आठवड्याने तो परत आला. मायने सांगितलं ते त्याने दोन परिच्छेदांत लिहिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की आजीला विचारलं, आजीने हे खरं असल्याचं सांगितलं. मायने ऐकलं. म्हणाली, "आते बराबर." त्याला जेवू घातलं.

मग तुमचा फोन. "सुनंदा ना? मी त्याची मॅडम. एकदा वर्गात येशील का?" मी का आले मला अजून कळत नाही. एसटीने धुळ्याला आले. तुम्ही मला शेवटच्या बाकावर बसवलं, त्याने लेख वाचला आणि तुम्ही विचारलंत, कसा वाटला. मी म्हणाले, खरं आहे सगळं. पण याच्यात माझा बा नुसता मरतो. पहिल्या ओळीपासून मरायलाच निघालेला आहे.

कुणीतरी हसलं. तुम्ही हसला नाहीत.

स्टँडवर सोडायला आलात तेव्हा तुमचा आवाज चढलेला होता. "मग तू लिही."

"मला कुठे येतं?"

"कुणाला येतं? त्याला येत होतं का?"

"मॅडम, तुम्हाला प्रश्न पाहिजे असतो. पाण्याचा प्रश्न, मजुराचा प्रश्न. त्या प्रश्नासाठी तुम्ही माणूस शोधता. माझा बा प्रश्न होता का?"

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी विसरले नाही, आणि आजपर्यंत त्याला मला नीट उत्तर सापडलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "तो हसायचा, गमती करायचा, बैलांवर जीव लावायचा, एवढंच लिहिलंस ना, तर सगळ्यात खूश कोण होईल माहितीये? मालक." माझी बस गेली. पुढची येईपर्यंत आपण रसवंतीत बसून भांडलो. उसाच्या रसाचा दुसरा ग्लास तुम्ही मला न विचारता मागवला.

त्यानंतर दर उन्हाळ्यात तुमचा फोन यायचा. "यंदा काय घेऊ गं?" मी तोवर पिंप्राळ्याच्या बाईंच्या भावाबरोबर इकडे आले होते, महाराष्ट्रातल्या पोरांसाठी त्यांनी मेस काढली म्हणून. मला इथली भाषा येत नव्हती, भाजीवाल्याशी बोटांनी बोलायचे. दिवसभर मराठीत बोलायचं तर कुकरशी. आणि तुम्ही, कॉलेजात शिकवणाऱ्या, मला विचारायच्या की पोरांना वर्षभर काय लिहायला लावू. मला तेव्हा वाटायचं, ह्यांना माझी दया येते. एकदा तसं बोलले पण. तुम्ही फोनच ठेवून दिलात. दोन दिवसांनी परत केलात आणि जिथे सोडलं होतं तिथून भांडण सुरू.

"लग्नात वाढणारे घ्या," मी म्हणाले होते.

"त्यात प्रश्न काय?"

"परत प्रश्न! आधी माणूस बघू द्या पोरांना. तो काय खातो, कुणावर चिडतो. प्रश्न येतो मागून."

"आणि नाही आला तर? पोरं गमतीजमती लिहून मोकळी होतील."

तुम्ही घेतलात तो विषय. वर्गाची मांडणी पण बदललीत. आधी माणूस दिवसभर बघायचा, त्याच्याबरोबर काम करायचं, त्यावर लिहायचं. मगच विचारायचं की त्याला संध्याकाळी उष्ट्यातलं का जेवायला मिळतं. वर्ष संपल्यावर तुमचा फोन. "बघ, निम्म्यांनी गमतीजमतीच लिहिल्या." मी विचारलं, आणि बाकीच्यांनी? तुम्ही म्हणालात, "बाकीचे लेख असे आहेत की मला आजवर मिळाले नव्हते." तेवढ्यावर मी दिवसभर पोळ्या लाटताना हसत होते. मला कुणी काही विचारत नव्हतं, मॅडम. आठवी नापास नाही, पण आठवीनंतर काहीच नाही, अशा बाईला कोण विचारतं? तुम्ही विचारलंत. ते मी कुठे ठेवू, हे मला कळत नाही.

मालकाच्या नातवाचा बावरचा तो जुना लेख तुम्हाला कॉलेजच्या वार्षिक अंकात द्यायचा होता. मी नको म्हणत होते. माय तिथे राहते, मालकाच्या शेतातून जाते, त्याच्याच हापशावर पाणी भरते. मी बंगळुरूत, मला काय होणार आहे. तुम्ही म्हणालात, "संमती तुझ्या आईची लागते, तुझी नाही." माय म्हणाली, छापा. अंक निघाला तेव्हा त्यात लेख नव्हता. कुणी काढला, का काढला, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. तुम्ही विचारत राहिलात. आणि पुढच्या जूनमध्ये तुमच्या वर्गाच्या जागी कार्यालयीन लेखन आलं. तुम्ही मला फोनवर म्हणालात, "आता मी पोरांना नोकरीचा अर्ज लिहायला शिकवते. नोकऱ्या कुठे आहेत ते अभ्यासक्रमात नाही." हसलात. मला ते हसू आवडलं नाही. तुम्ही त्यानंतर उन्हाळ्यात फोन केलात तो तब्येतीचा. कुठला विषय घेऊ, हे विचारायला काही उरलंच नव्हतं. मी पण विषय काढला नाही, तुम्हाला लागेल म्हणून. काढायला हवा होता का? वर्ग नसेना का, आपण दोघींनी फोनवर एखादं वर्ष मांडलं असतं.

आता त्या पुस्तकाचं ऐका.

शोकसभेनंतर मालकाच्या नातवाचा फोन आला. तो तुमच्याच कॉलेजात तासिकेवर शिकवतो, तुम्हाला माहीत आहे. पुस्तकाचं काम त्याच्याकडे दिलंय. म्हणाला, "ताई, प्राचार्यांना आपला लेख फार आवडला. आखाजी, उंबरठा, आजीचं बोट. ग्रामीण संस्कृतीचं दर्शन म्हणले. फक्त ते दोन परिच्छेद तेवढे..."

"तेवढे काय?"

"काढू म्हणतात. लांबी जास्त होतेय."

"तुझ्या आजोबांची लांबी?"

तो म्हणाला, "ताई, मला पुढच्या वर्षीच्या तासिका त्यांच्याच हातून मिळणार आहेत."

मला त्याचा राग आला आणि आला नाही पण. एवढं सगळं असून त्याने फोन केला होता. तुमचा नियम त्याला गप्प बसू देईना. मी म्हणाले, मला नको वाचून दाखवू. जिचा आहे तिला दाखव. तिच्यासमोर बस आणि वाच.

तो गेला. मान्य करते, मला वाटलं नव्हतं जाईल. रविवारी धुळ्याहून गाडी काढून गेला. मायने मला फोन लावून तो चालूच ठेवला, त्यामुळे मी सगळं ऐकलं. त्याने कापलेला लेख वाचला. उंबरठा होता, कुंकू होतं, आजी होती. बा विहिरीत उतरला आणि वर आला नाही, एवढंच. का उतरला ते नाही. नाही म्हणाला होता ते नाही. आखाजीला चहाला हात न लावता बसणारा माणूस त्यातून गेला होता आणि परत बिचारा सालदार येऊन बसला होता.

मायने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "लेख तुना शे. मानूस मना शे. हाऊ मना मानूस नही. छापू नको."

"अक्का, मी सांगून बघतो त्यांना."

"सांग. आनि जेवी जाय."

त्याने खरंच सांगितलं. परवा त्याचा परत फोन. आवाज अगदी बारीक. प्राचार्य म्हणाले, काही हरकत नाही, घरच्यांची संमती नसेल तर नाव बदलून छापू. नाव बदललं की संमती लागत नाही म्हणे. गावाचं नाव पण काढू, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.

मॅडम, तुम्ही वर्षानुवर्षं पोरांना विचारायला लावलंत की कुणाचं नाव घेतात आणि कुणाचं घेत नाहीत. आणि तुमच्या नावाने निघणाऱ्या पुस्तकात माणसाचं नाव काढून टाकायचं, मग तो गप्प राहतो, मग त्याला छापायचा. तुमच्या फोटोखाली. रसवंतीत तुम्ही मला सांगितलं होतं की नुसतं गोड लिहिलं तर मालक खूश होतो. तुमच्या बाबतीत पण तेच केलं त्यांनी. हसतमुख, साधी साडी, वाटून खाल्लेला डबा. खोटं काही नाही त्यात. मी पण खाल्लाय तुमचा डबा. पण तुम्ही वर्ग बंद होऊ नये म्हणून कुणाकुणाच्या केबिनबाहेर बसलात, ते कोण सांगणार? लांबी जास्त होते.

म्हणून मी हे लिहिलंय, आणि छापायला देतेय. घाबरत देतेय. मायला कुणी काही बोललं तर मी इथून पोचेपर्यंत दोन दिवस जातील. तिला विचारलं, देऊ का? ती म्हणाली, दे. मालकाचं नाव मी लिहिलं नाही. त्यांना हे वाचून दाखवलेलं नाही, आणि त्यांच्या ओट्यावर जाऊन वाचण्याची हिंमत अजून माझ्यात नाही. तुम्ही म्हणाला असतात, हिंमत येईपर्यंत थांबू नको, लिही. तेवढं ऐकतेय. बाकी आपलं भांडण आहे तिथेच आहे. तुम्ही बरोबर होतात का मी, ते ठरायला तुम्ही पाहिजे होतात.

माझ्या बापाचं नाव सुकलाल. ते बदलू नका.

त्याला भाव करायची फार हौस होती, घ्यायचं काही नसलं तरी. एका वर्षी मालकाकडून सुट्टी घेऊन तो सारंगखेड्याच्या यात्रेला गेला, मला खांद्यावर घेऊन, आणि एका पांढऱ्या घोड्याचा भाव करायला लागला. दात बघितले, खूर उचलून बघितले, चालवून बघितला, परत दात बघितले. ऊन डोक्यावर आलं. घोडेवाल्याला हा घेणारा वाटेना. वैतागून म्हणाला, "भो, तुले लेनं शे का नही?"

"माले लेनं शे," सुकलाल म्हणाला. "घोडाले मनाकडे येनं शे का, ते इचारी राहिनू."